पुढच्या चाकाचं दुखणं, मागचे पाटे

बुलढाणा जिल्ह्यात कुणाला गाव विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घाटावरचं की घाटाखालचं? बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावरचे तालुके. मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे, पूर्णेच्या खोऱ्यातले. मधे अजिंठ्याची रांग. ती उतरायची तर मलकापूरकडे राजूर घाट आणि खामगावकडे बोथ्याचा घाट. सोयाबीन, सरकी, खत, सिमेंट, गिट्टी आणि रेती इकडची तिकडे होते ती याच वळणांवरून.

या रस्त्यांवरच्या एखाद्या फाट्यावर रिकामा उभा असलेला टिप्पर किंवा जुना दोन एक्सलचा ट्रक बाजूला उभं राहून नीट बघावा. पुष्कळदा त्याची चॅसी जमिनीला समांतर नसते. मागची बाजू वर चढलेली, बंपर खाली गेलेला. मागच्या चाकाशी वाकून स्प्रिंगच्या कमानीतले पाटे मोजले तर कंपनीने दिले होते त्याहून दोन-तीन जास्त निघतात. गाडी उंच करणं म्हटलं की हल्ली डोळ्यांपुढे हौसेने सजवलेली थार येते. अमेरिकेत तर पिकअप ट्रक उंच करून फिरवणं हा एक मोठा शौकच आहे. पण आपल्याकडे गाडी उचलली जाते ती शौकापेक्षा वजनासाठी, आणि उचलली जाते ती मागून.

गंमत अशी, की तक्रार येते ती पुढच्या चाकांची. गाडी डाव्या अंगाला ओढते, रिकामी असली की सरळ लाईन धरत नाही, स्टेअरिंग वळणानंतर आपणहून परत येत नाही, पुढचे टायर कडेने खाल्ले जातात. मालक गाडी अलाइनमेंटला पाठवतो. तिथे पुढची चाकं सरळ करून मिळतात आणि महिन्याभरात टायर पुन्हा घासलेले दिसतात. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असा हा सगळा मामला.

पाटे वाढवण्यामागचं गणित रेतीच्या मापात आहे. रेती टनावर विकत नाहीत, ब्रासवर विकतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. कोरडी रेती असेल तर त्याचं वजन साडेचार टनांच्या आसपास भरतं. नदीतून काढलेली ओली असेल तर आणखी जास्त. जुलै २०१८ मध्ये केंद्राने मालवाहू गाड्यांच्या एक्सलवरचं मान्य वजन वाढवलं, तेव्हा स्टेअरिंगच्या एक्सलला सहाऐवजी सात टन आणि चार टायरच्या मागच्या एक्सलला १०.२ ऐवजी ११.५ टन मिळाले. म्हणजे दोन एक्सलचा ट्रक मालासकट १८.५ टनांपर्यंत गेला. त्यातून गाडीचं स्वतःचं सहा-सात टन वजन वजा करा. उरते ती अडीच ब्रास रेती. पूर्णा आणि खडकपूर्णेच्या काठावरून निघणाऱ्या गाडीत अडीच ब्रासवर कुणाचं समाधान होत असतं, तर या लेखाचं कारणच उरलं नसतं. चार ब्रास म्हणजे अठरा टन केवळ रेती. एवढ्या वजनाखाली कंपनीचे पाटे उलटे वाकतात, टायर बॉडीला टेकतात. मग कमानवाल्याकडे जाऊन पाटे टाकायचे, किंवा आहे त्याच पाट्यांना ठोकून बाक वाढवायचा. काम अर्ध्या दिवसाचं असतं.

या अर्ध्या दिवसात पुढच्या चाकाचं काय होतं, ते बघण्यासाठी आधी एक कोन समजून घ्यावा लागेल. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, वरून मागे झुकलेला असतो. म्हणूनच हात सोडले तरी चालती सायकल काही अंतर सरळ जाते. ट्रकच्या पुढच्या चाकाला चिमट्याच्या जागी किंगपिन असते. तीही वरून किंचित मागे कललेली असते. या कलाला कॅस्टर म्हणतात. तो साधारण दोन-तीन अंश असतो, पॉवर स्टेअरिंगच्या गाडीला थोडा जास्त. वळणानंतर स्टेअरिंग हातातून सुटून आपोआप मधे येतं, रस्त्यावर गाडी सरळ धरून राहते, ती याच्या जोरावर. डोळ्यांना हा कोन दिसत नाही. अनुभवी ड्रायव्हरला मात्र तो हाताला कळतो.

आता मागून चॅसी ७५ मिलिमीटर उचला, म्हणजे जेमतेम तीन इंच. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ४.२ मीटर धरलं, तर सगळी चॅसी पुढच्या बाजूला एका अंशाने झुकते. पुढचा एक्सल पाट्यांना बांधलेला आणि पाटे चॅसीला, त्यामुळे किंगपिनही एका अंशाने पुढे येते. अडीचातून एक गेला, दीड उरला. पुढच्या चाकाला कुणी हात लावलेला नाही, पुढचा एक नट सैल केलेला नाही, तरी गाडीला सरळ ठेवणाऱ्या कोनातला जवळपास निम्मा भाग गेला. पिकअपची लांबी याहून कमी असते. तिथे दोन इंचांतच हा अंश संपतो.

यातलं आणखी एक विचित्रपण ड्रायव्हर लोक नेमकं पकडतात, फक्त कारण वेगळं सांगतात. भरलेली गाडी बरी चालते आणि रिकामी त्रास देते, असं त्यांचं म्हणणं असतं. माल भरला की मागचा भाग दबतो, चॅसी समांतर येते, कॅस्टर परत मिळतो. रेती ओतून गाडी रिकामी परत निघाली की शेपूट वर आणि किंगपिन पुढे. त्यातच जादा पाट्यांमुळे मागची कमान इतकी कडक झालेली असते, की रिकाम्या गाडीची मागची चाकं प्रत्येक खड्ड्यावर उडतात. म्हणजे सर्वांत वाईट अवस्थेतली गाडी सर्वांत जास्त वेगाने चालते, कारण रिकामी गाडी हळू चालवायची कुणाला सवय नाही.

जुन्या रस्त्यांनी हे झाकून ठेवलं होतं. घाटाखालचा पट्टा काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटा घेतो. अशा रस्त्यावर चाळीसच्या वेगात स्टेअरिंग सतत हलतच असतं. त्यात कोनाचा दोष कुठला आणि खड्ड्याचा कुठला, हे निवडता येत नाही. नंतर रस्ते बदलले. मलकापूर, नांदुरा, खामगाववरून जाणारा जुना सहा क्रमांकाचा, आताचा त्रेपन्न क्रमांकाचा महामार्ग रुंद झाला. याच महामार्गाच्या अमरावती-अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम नोंदवला गेला. घाटावरून समृद्धी महामार्ग गेला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. मालवाहू गाड्यांना तिथे ताशी ८० ची मर्यादा आहे. सपाट सिमेंटवर तासन् तास एकाच वेगाने जाताना हरवलेला एक अंश लपत नाही. गाडी सतत थोडी डावीकडे, मग थोडी उजवीकडे जाते आणि ड्रायव्हर रात्रभर तिला बारीक दुरुस्त्या करत राहतो. त्याने येणारा थकवा कुठल्या अहवालात सापडत नाही.

समृद्धीवर पहिल्या काही महिन्यांत टायर फुटण्याच्या इतक्या तक्रारी आल्या, की परिवहन विभागाला गाड्यांचे टायर तपासावे लागले आणि गुळगुळीत टायरच्या गाड्यांना वाटेतून परत फिरवावं लागलं. ते योग्यच झालं. पण त्यातून ‘टायर फुटला’ हे आपल्याकडचं तयार उत्तरही झालं आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा शिवारात नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. तेव्हाही आधी टायर फुटल्याचं सांगितलं गेलं. परिवहन विभागाच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. त्या बसचा गाडी उचलण्याशी काही संबंध नाही. तिची आठवण निघाली ती टायरवर चटकन येणाऱ्या आळापुरती. टायर फुटला असं म्हटलं की चौकशी रबरावर थांबते, आणि ते रबर तसं का झिजलं हा प्रश्न कुणी विचारत नाही.

खरं तर टायर हाच गाडीचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे, फक्त त्याची साक्ष वाचता यायला हवी. दोन्ही पुढचे टायर दोन्ही कडांनी झिजले तर हवा कमी आहे. फक्त मधे झिजले तर हवा जास्त आहे. एकच टायर एकाच कडेने झिजला तर त्या चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, बिघडलाय. ट्रकच्या बाबतीत बहुधा किंगपिनचा बुश खलास झालेला असतो किंवा एक्सल वाकलेला असतो. जागोजाग खळगे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग बघावं. आणि तळहात रबरावरून आडवा फिरवला असता एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने टोचत असेल, तर दोष चाकांच्या एकमेकांशी असलेल्या कोनात, म्हणजे टोमध्ये आहे. आतून बाहेर जाताना टोचलं तर चाकं पुढून एकमेकांकडे जास्त वळलीत. बाहेरून आत येताना टोचलं तर पुढून फाकलीत. जुना मिस्त्री गाडीखाली जाण्याआधी हात फिरवतो, तो यासाठी. अडचण अशी, की पुढे घासलेला टायर लगेच मागे टाकायची आपल्याकडे रीत आहे. गाडी गॅरेजात पोहोचते तेव्हा साक्षीदार मागच्या जोडीत आतल्या बाजूला लपलेला असतो आणि पुढे नवा किंवा रिमोल्ड टायर असतो. त्याच्याकडून काय कळणार?

टोचा दोष किती महाग पडतो, याचा हिशेब सोपा आहे. ट्रकचं चाक साधारण एक मीटर व्यासाचं. चाकांच्या पुढच्या आणि मागच्या अंतरात १० मिलिमीटरचा फरक असेल, तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला पाच. म्हणजे ते चाक दर एक मीटर पुढे जाताना पाच मिलिमीटर बाजूला जाऊ पाहतं आणि जोडीदार त्याला जाऊ देत नाही. किलोमीटरला पाच मीटर. नागपूर ते मुंबई सातशे किलोमीटर गेलं, तर तो टायर साडेतीन किलोमीटर आडवा खरडला गेला. गाड्यांची स्वयंचलित तपासणी करणाऱ्या केंद्रात एका पट्टीवरून गाडी चालवत नेतात आणि यंत्र हाच आकडा दाखवतं: दर किलोमीटरला किती मीटर आडवं.

मग पाटे वाढवल्यावर हा टो बिघडतो का? इथे ट्रक आणि मोटार यांच्यात मोठा फरक आहे. ट्रकला पुढे एकसंध घडीव पोलादी एक्सल असतो. दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड त्याच्याबरोबरच वर-खाली होतो. चॅसी किती उचलली, याने टाय रॉडला काही फरक पडत नाही. म्हणजे पाटे वाढवल्यावर ट्रकचा टो जवळपास होता तसाच राहतो. बिघडतो तो कॅस्टर, आणि कॅस्टर फिरवायला ट्रकच्या एक्सलला कुठलाही स्क्रू नसतो. अलाइनमेंटच्या दुकानात फिरवता येतो फक्त टाय रॉड. त्यामुळे तिथे काय होतं, तर बिघडलेला कॅस्टर तसाच राहतो आणि ठीक असलेला टो हलवला जातो. गाडीचा ओढा जरा कमी झाल्यासारखा वाटतो, पैसे दिले जातात आणि टायर आधीपेक्षा लवकर जातात.

दोष यंत्राचा नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कॅस्टरचा आकडा दिसत असतो, लाल रंगात दिसत असतो. पण तो हिरवा करायचा तर पाट्यापर्यंत जावं लागतं, यू बोल्ट खोलावे लागतात, आणि अलाइनमेंटवाल्याचं ते काम नाही. कमानवाल्याला कोनाचं सोयरसुतक नाही, त्याला उंचीशी मतलब. दोघांच्या दुकानांमध्ये शंभर पावलांचं अंतर असलं तरी गाडीचा कागद एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. खरं विचाराल तर दुरुस्तीतली सर्वांत मोठी फट हीच आहे.

काम नीट करायचं तर ते टाय रॉडपासून सुरू होत नाही, तिथे संपतं. आधी गाडी सपाट जागी, सगळ्या टायरांत सारखी हवा. मग पुढचं चाक जॅकवर उचलून खाली पहार घालून हलवायचं. चाक वर-खाली डुलत असेल तर किंगपिनचा बुश किंवा हबचं बेअरिंग गेलेलं आहे. ब्रेक दाबून पुन्हा हलवावं. डुलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा, तसंच राहिलं तर किंगपिनचा. हे बदलल्याशिवाय पुढचं मोजमाप वायफळ आहे, कारण ढिल्या चाकाचा आज मोजलेला कोन उद्याच्या खड्ड्यावर बदलतो. मग टाय रॉड आणि ड्रॅग लिंकचे बॉल जॉइंट.

त्यानंतर टेप घ्यायचा आणि पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर आधी डावीकडे, मग उजवीकडे मोजायचं. पाटे बदलताना सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या खाचेत नीट बसलं नाही, किंवा जादा उंचीसाठी वापरलेले यू बोल्ट पुरेसे आवळले गेले नाहीत, तर एक्सल एका बाजूने सरकतो. दोन्हींत दहा मिलिमीटरचा फरक निघाला तरी मागचा एक्सल गाडीला किलोमीटरमागे पाच मीटर बाजूला ढकलत असतो. रस्त्यावर मागून बघितलं तर अशी गाडी तिरपी चालताना दिसते. पुढची चाकं एका ओळीत आणि मागची दुसऱ्याच. ड्रायव्हर स्टेअरिंग कायम थोडं वळवून धरतो आणि सांगतो, की स्टेअरिंग वाकडं बसलंय.

स्टेअरिंग वाकडं दिसण्याचं आणखी एक कारण पुढून उचललेल्या गाडीत सापडतं. स्टेअरिंग बॉक्सच्या दांड्यापासून चाकापर्यंत जाणारा ड्रॅग लिंक आधी जवळपास आडवा असतो. चॅसी वर गेली की तो उतरता होतो, आणि उतरता झाला की त्याची आडवी पोहोच कमी पडते. चाकं थोडी वळतात, त्यांना सरळ केलं की स्टेअरिंग तिरकं दिसतं. यावरचा रस्त्याकडेचा उपाय म्हणजे स्टेअरिंगचं चाक उपसायचं आणि दोन दाते फिरवून पुन्हा बसवायचं. दिसायला सगळं सरळ. पण स्टेअरिंग बॉक्स आता आपल्या मध्यावर नाही. गाडी उजवीकडे जितकी वळते तितकी डावीकडे वळत नाही, आणि ही उणीव राजूर घाटाच्या वळणावर लक्षात येते. योग्य काम म्हणजे बॉक्स मध्यावर आणून ड्रॅग लिंकची लांबी जुळवायची. त्यातही उतरता ड्रॅग लिंक दर खड्ड्यावर चाकाला किंचित वळवत राहतो. ती सवय लांबी जुळवून जात नाही, उंची कमी केली तरच जाते.

हे सगळं झाल्यावर कॅस्टर. त्याला पाचर लागते. पुढचा पाटा आणि एक्सल यांच्या मधे पोलादी पाचर बसवतात, तिला एक जाड कड आणि एक पातळ. पाटा एक्सलच्या वर असेल, जसा ट्रकला असतो, तर जाड कड मागे ठेवायची. त्याने एक्सल मागच्या अंगाने खाली फिरतो आणि किंगपिनचं डोकं मागे जातं. एक अंश गमावला असेल तर एका अंशाची पाचर. दोन्ही बाजूंना सारखी, आणि सेंटर बोल्ट तिच्यातून आरपार गेलेला. लाकडाची चकती किंवा वेल्डिंगने भरलेली पट्टी चालत नाही, कारण ब्रेक दाबला की पुढचा एक्सल पाट्यासकट पिळला जातो आणि तो सगळा जोर याच जागेवर येतो. याच कारणासाठी पुढच्या एक्सलवर उंचीसाठी ठोकळे ठेवणं तर सरळ धोकादायकच. अलीकडे शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चॅसीला जोडणारी कडी, लांब करून पुढची उंची वाढवणारेही आहेत. शॅकल पाट्याच्या मागच्या टोकाला असेल तर त्याने कॅस्टर वाढतो, पुढच्या टोकाला असेल तर घटतो. एकाच्या गाडीला जमलं म्हणून दुसऱ्याने तेच केलं, तर नेमका उलटा परिणाम होतो, तो असा.

टो आता, सर्वांत शेवटी. त्यालाही कॉम्प्युटर लागतोच असं नाही. चाक उचलून फिरवत टायरच्या मधोमध खडूचा पट्टा काढायचा, त्यावर खिळ्याने एक बारीक रेघ ओढायची. दुसऱ्या चाकालाही तसंच. गाडी खाली टेकवून थोडी पुढे ढकलायची, म्हणजे चाकं आपल्या जागी बसतात. मग दोन रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून, हबच्या उंचीवर मोजायचं. रेडियल टायरला फरक जवळपास शून्य, साध्या टायरला दोन-तीन मिलिमीटर आत. कंपनीच्या पुस्तकात त्या त्या मॉडेलचा आकडा असतो, तो धरावा. अमुक गाडीला इतकं असतंच, या बोलीवर जाऊ नये.

चाकं वळवायच्या या सगळ्या यंत्रणेचा जन्म घोडागाडीत आहे. दोन्ही चाकांना एकाच आसावर फिरवण्याऐवजी प्रत्येकाला स्वतःच्या खिळीवर फिरू द्यावं, ही कल्पना म्युनिकचा गाडीकारागीर गेऑर्ग लांकेनस्पेर्गर याची, आणि तिचं इंग्लंडमधलं पेटंट १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमान याने घेतलं. नाव आकरमानचंच राहिलं. त्याच्याही साठ वर्षं आधी इरॅस्मस डार्विनने, म्हणजे चार्ल्स डार्विनच्या आजोबाने, असंच काहीसं सुचवलं होतं. आपल्या बंडीला याची गरज पडली नाही. तिची दिशा बैल ठरवतात, चाकं नुसती मागे येतात.

पिकअप आणि मोटारींची गोष्ट वेगळी. टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस किंवा २०२० नंतरची थार यांची पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र लटकलेली असतात. इथे चॅसी उचलली की प्रत्येक चाक आपापल्या कमानीत खाली उतरतं, आणि उतरता उतरता त्याचा कॅम्बर, टो आणि कॅस्टर तिन्ही बदलतात. दीड-दोन इंचांपर्यंत गाडीतल्याच बोल्टांनी ते परत जुळवता येतं. त्यापुढे वरचा आर्म बदलावा लागतो, आणि चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर पुढच्या शाफ्टचे जॉइंट तिरपे होऊन त्यांचे रबरी बूट फाटतात. जिम्नीला मात्र ट्रकसारखाच पुढे एकसंध एक्सल आहे, फक्त पाट्यांऐवजी स्प्रिंग. तिला उचललं की कॅस्टर जातो, आणि एक्सलला आडवा धरून ठेवणारा दांडा त्याला एका बाजूला ओढतो. ऐकून माहिती घेणाऱ्यांची फसगत इथेच होते. थारवाल्याने सांगितलेला उपाय जिम्नीला लागू पडत नाही, आणि दोघांचाही टिप्परला नाही.

चाकांच्या पलीकडे एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते या सगळ्यात ती सर्वांत गंभीर. अनेक पिकअप आणि ट्रकना मागच्या एक्सलजवळ एक लहानसा व्हॉल्व्ह असतो. एका दांड्याने तो चॅसी आणि एक्सल यांच्यातलं अंतर ओळखतो. चॅसी दबली म्हणजे माल आहे, मागच्या ब्रेकला जास्त दाब द्यायचा; चॅसी वर आहे म्हणजे गाडी रिकामी, मागची चाकं जाम होऊ नयेत म्हणून दाब कमी करायचा. जादा पाट्यांवर चॅसी हवी तेवढी दबत नाही. चार ब्रास भरले तरी व्हॉल्व्हच्या लेखी गाडी अर्धी रिकामी. मागचे ब्रेक हातचे राखून काम करतात आणि सगळा भार पुढच्यांवर पडतो. बोथ्याच्या उतारावर पुढचे ड्रम तापतात, ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला फेकते, आणि दुसऱ्या दिवशी मालक म्हणतो, अलाइनमेंट करून घे. पाटे वाढवताना या दांड्याची लांबी नव्याने जुळवायला हवी, हे लक्षात ठेवणारे कमी.

कायदा यावर गप्प नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपासून ढळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. जादा वजनाला वीस हजार आणि वरच्या दर टनाला दोन हजार. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस घ्यावा लागतो, म्हणजे पाटे मोजायची संधी सरकारला नियमित मिळते. नियम अपुरे आहेत असं म्हणायला मी तयार नाही. एमएच २८ पाटीच्या गाडीखाली वाकून पाटे मोजायला यंत्र लागत नाही, आणि ते मोजले जात नाहीत याचं कारण यांत्रिक नाही.

तोटा कुणाचा, हेही बघावं. जादा ब्रासचा फायदा माल मागवणाऱ्याला आणि मालकाला. टायर मालकाचे, पण ते लवकर गेले की बोल ड्रायव्हरला: गाडी नीट चालवत नाहीस. वजनकाट्यावर पकडला जातो तो ड्रायव्हर. रात्रभर स्टेअरिंगशी झगडतो तोही तोच. आणि गाडी उचलायची की नाही हे ठरवताना त्याला कुणी विचारलेलं नसतं. पाचर बसवून कॅस्टर परत आणता येतो, पण मोठं वजन आणखी उंचावर गेलेलं असतं, आणि वळणावर उलटण्याचा धोका कुठल्याही पाचरीने कमी होत नाही. टायर, बुश आणि अलाइनमेंट यांवरचा वर्षाचा खर्च मांडला तर सर्वांत स्वस्त दुरुस्ती जादा पाटे काढून टाकणं हीच ठरते. ती सांगणारा मिस्त्री गिऱ्हाईक गमावतो.

ज्यांना पाटे ठेवायचेच आहेत, किंवा पूर्वीच्या मालकाने टाकलेले पाटे उतरवून गाडी मूळ उंचीवर आणायची आहे, त्यांनी एक गोष्ट चुकवू नये. उतरवतानाही कोन बदलतात. मागे पाटे वाढवले तेव्हा कुणी पुढे पाचर टाकली असेल आणि आता फक्त मागचे पाटे काढले, तर कॅस्टर गरजेपेक्षा जास्त होतो. स्टेअरिंग जड होतं आणि ठरावीक वेगाला थरथरतं. पाचरही काढावी लागते. पाटे गॅसने तापवून ठोकलेले असतील तर त्यांचं पाणी गेलेलं असतं. असे पाटे काही महिन्यांत एका बाजूने बसतात आणि गाडी पुन्हा त्या अंगाला कलते. ते बदलावेच. यू बोल्ट नवे घ्यावेत, पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा आवळावेत. ब्रेकच्या व्हॉल्व्हचा दांडा आणि हेडलाइटचा रोख दोन्ही नव्या उंचीप्रमाणे लावून घ्यावेत. मग गाडी रस्त्यावर काढावी. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे डावीकडे अगदी थोडा ओढा राहणं साहजिक आहे, तो काढायच्या नादाला लागू नये. चाचणी एकदा रिकाम्या गाडीने घ्यावी आणि एकदा काट्यावर वजन करून नियमात भरलेल्या गाडीने. दोन्ही वेळा स्टेअरिंग आपणहून मधे परत आलं, तरच गॅरेजवाल्याचं बिल चुकतं करावं.